चष्मा आणि कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर: नंबर कसा जुळवाल?

व्ह्यूफाइंडरमध्ये धूसर दिसतं? बऱ्याच कॅमेऱ्यांत आयपीसजवळ डायॉप्टरची छोटी चकती असते. कॅमेरा उजळ भिंतीकडे धरा आणि आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवा. चष्मा लावूनच फोटो काढणार असाल, तर चष्म्यासह जुळवा.

अनेक कॅमेऱ्यांत ही सोय साधारण -३ ते +१ नंबरपर्यंतच असते आणि सिलिंड्रिकल नंबर तिने भरून निघत नाही. अशा वेळी चष्मा काढू नका. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर वाचनाच्या नव्हे, वरच्या भागातून पाहा.

मधुमेहात साखर वरखाली झाली की नंबरही तात्पुरता बदलू शकतो. चकती वारंवार फिरवावी लागत असेल, तर साखर आणि डोळे तपासून घ्या. अचानक दिसणं कमी झालं, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना भेटा.