बारा आणे दम

‘दम’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिकडे दम म्हणजे श्वास. मराठीत येऊन तो इतका रुळला, की त्याचं मूळ गाव कुणी विचारत नाही. आपण ‘जरा दम धर’ म्हणतो, ‘दमादमानं घे’ म्हणतो. पण हाच दम एखाद्या माणसाला बसल्या जागी पुरेनासा होतो, तेव्हा प्रश्न पडतो : त्याला किती दम लागतोय, हे दुसऱ्यानं ओळखायचं कसं?

माझ्या अम्मीला फुप्फुसाचा कर्करोग होता. शेवटच्या दिवसांत ती सारखी म्हणायची, ‘दम पुरत नाही रे.’ डॉक्टर बोटाला चिमटा लावायचे. आकडा यायचा 96. ‘ऑक्सिजन उत्तम आहे, काळजी करू नका,’ असं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळायचे. अम्मी माझ्याकडे बघायची. आपण खोटं बोलतोय असं ठरलं, याचं दुःख त्या नजरेत असायचं.

खरं तर आकडाही खोटा नव्हता आणि अम्मीही. तो चिमटा रक्तातल्या किती हिमोग्लोबिननं प्राणवायू धरला आहे, एवढंच सांगतो. धाप ही मेंदूला होणारी जाणीव आहे. शरीर जेवढा श्वास मागतं आणि छाती जेवढा देऊ शकते, त्यातली तफावत मेंदूला कळते आणि जीव घुसमटतो. वाढलेल्या कर्करोगात याची कारणं अनेक असतात. फुप्फुसात गाठ असते, छातीत पाणी साठतं, रक्त कमी होतं, श्वासाचे स्नायू थकतात आणि या सगळ्यावर भीती स्वार होते. म्हणूनच धाप मोजायची तर रुग्णालाच विचारावं लागतं.

असं विचारण्याच्या पद्धती वैद्यकशास्त्रानं बसवल्या आहेत. ब्रिटनमध्ये डॉ. चार्ल्स फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950च्या दशकात खाणकामगारांच्या छातीच्या विकारांचा अभ्यास करताना साधे प्रश्न तयार केले. चढावर दम लागतो का? बरोबरीच्या माणसांसोबत चालता येतं का? कपडे घालतानाही धाप लागते का? ही पट्टी आजही वापरतात. पण खाटेवरून न उठणाऱ्या रुग्णाला ती अपुरी पडते. तो कायम शेवटच्या पायरीवरच राहतो, कालच्यापेक्षा आज बरं की वाईट हे कळत नाही.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी शून्य ते दहा अशी पट्टी दिली आणि आकड्यांपुढे ‘किंचित’, ‘तीव्र’ असे शब्द लिहिले. कॅनडातल्या एडमंटन इथं 1991मध्ये वेदना, मळमळ, चिंता वगैरे त्रास मोजण्याचा तक्ता तयार झाला. पुढे त्यात धापेचीही भर पडली. जपानी डॉक्टरांनी 2000 साली खास कर्करुग्णांसाठी बारा प्रश्नांची यादी केली. श्वास घ्यायला पडणारे कष्ट, मनातली धास्ती आणि अस्वस्थता हे तिन्ही त्यात वेगवेगळं मोजलं जातं. आणि ज्याला बोलताच येत नाही त्याचं काय? त्याच्यासाठी 2008 साली अमेरिकेत निरीक्षणाची पट्टी आली. नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ओढले जातात का, चेहऱ्यावर भय आहे का, हे परिचारिकेनं बघायचं आणि गुण द्यायचे.

अम्मीला शून्य ते दहा उमजेना. एका रात्री ड्यूटीवरच्या सिस्टर शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, अजिबात त्रास नाही म्हणजे शून्य, आणि याहून जास्त सोसवणारच नाही म्हणजे सोळा आणे. आत्ता किती आणे?’ अम्मी क्षणभर थांबली. म्हणाली, ‘बारा.’

सिस्टरांनी ते लिहून घेतलं, डॉक्टरांना कळवलं. उशा लावून पाठ उंच केली, खिडकी उघडली, छोटा पंखा चेहऱ्याकडे वळवला. डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेत मॉर्फिन सुरू केलं. सकाळी तोच प्रश्न, तीच पट्टी. अम्मी म्हणाली, ‘आठ.’ चिमट्यावरचा आकडा होता तेवढाच होता.

पंख्याला हसू नका. गालांवर आणि नाकाशी येणाऱ्या गार झुळकेनं धाप कमी वाटते, हे प्रयोगांत दिसलं आहे. उलट, रक्तातला प्राणवायू फारसा घटलेला नव्हता अशा 239 असाध्य रुग्णांवरचा अभ्यास 2010मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नळीतून दिलेला ऑक्सिजन आणि नळीतूनच दिलेली साधी हवा यांत फरक आढळला नाही. मॉर्फिनबद्दल लोकांच्या मनात धास्ती असते; पण जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बेतानं दिलेलं हे औषध अशा रुग्णांना आराम देण्यासाठी वापरतात. छातीतलं पाणी काढणं, रक्त देणं हे उपाय कारणानुसार असतातच.

आपल्या घरात असा रुग्ण असेल, तर एक करा. रोज ठरावीक वेळी विचारा, एकाच पट्टीवर विचारा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. पट्टी आण्यांची असो वा आकड्यांची. एकदोन घरांचा फरकही डॉक्टरांना उपचार बदलायला उपयोगी पडतो.

अम्मी त्यानंतर अकरा दिवस होती. आजार हटला नाही. पण त्या रात्रीनंतर तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नाही. तिचं म्हणणं कुणीतरी कागदावर लिहून घेतलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)