बटण दाबले आणि टाकी फुटली

घरात गॅसचा वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, पण दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हे आपल्याला पाठ असते. प्रयोगशाळेतल्या बॅटरीवर चालणाऱ्या दाबमापकालाही तसेच बटण असते, हे मात्र चटकन लक्षात येत नाही.

१६ मार्च २०१६ रोजी होनोलुलूतील हवाई विद्यापीठात एका संशोधिकेने टाकीवरचा डिजिटल दाबमापक बंद करण्यासाठी बटण दाबले आणि ४९ लिटरची ती टाकी फुटली. तिला एक हात गमवावा लागला. टाकीत हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण दाबाखाली भरलेले होते. प्रयोगातल्या जिवाणूंचे ते खाद्य! आदल्याच दिवशी एका लहान टाकीत छोटा स्फोट झाला होता. टाकीला हात लावताना चटकेही बसत होते. तरी काम चालूच राहिले.

अग्निशमन दलाने ठिणगीचा दोष दाबमापकाला दिला. ज्वलनशील वायूंसाठी तो बनवलेलाच नव्हता. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी चाचण्या घेतल्या आणि बोट दुसरीकडे दाखवले: अर्थिंग नसलेल्या टाकीवरची स्थिर वीज. हायड्रोजन पेटायला सुमारे ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. पॉलिस्टरचा कपडा काढताना बसणाऱ्या चटक्यात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते.

मग दाबमापक निर्दोष म्हणायचा का? माझ्या मते प्रश्नच चुकतो. अशा वायूंसाठी ‘इंट्रिन्सिकली सेफ’ उपकरणे मिळतात. बिघाड झाला तरी ठिणगी पेट घेण्याइतकी मोठी होणार नाही, इतकीच वीज त्यांच्या सर्किटमध्ये खेळते. आपल्याकडे नागपूरच्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेकडे अशा उपकरणांच्या मंजुरीचे काम आहे. पण ही प्रमाणपत्रे सहसा साध्या दाबाच्या हवेत मिसळलेल्या वायूसाठी असतात. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन मिसळला, की त्या शिक्क्याची हमी तिथे लागू होत नाही.

म्हणून मापक निवडण्याआधीच विचारायला हवे, की हे वायू एका टाकीत साठवायचेच कशाला? ते वेगवेगळ्या नळ्यांतून, लागतील तेवढेच सोडता येतात. टाकीला अर्थिंगची तार जोडायला तर पाच मिनिटे लागतात.