दोन रोलचं लग्न

120 नंबरच्या रोलवर चौरस फोटो निघतात बरोबर 12. पुण्यातल्या एका लग्नाला 1964 साली फोटोग्राफर असे दोन रोल घेऊन आला होता. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत सगळं काही 24 फोटोंत बसवायचं होतं. फिल्म परदेशातून यायची. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं उत्पादन सुरू व्हायला अजून 1967 उजाडायचं होतं. त्यामुळे खटका दाबण्याआधी फोटोग्राफर दोनदा विचार करी, आणि मुलीचे वडील त्याहून जास्त.

त्या लग्नातली नवरी आता ऐंशी ओलांडून गेली आहे. तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर अल्बम उघडलेला आहे. शेजारी धाकटी बहीण, आणि स्कॅनर सांभाळायला बहिणीची मुलगी. काळ्या जाड कागदाची पानं, मध्ये बटर पेपर, फोटोंच्या चारही टोकांना कागदी कोपरे. हे काम सोपं: कोपऱ्यातून फोटो अलगद सुटतो आणि काम झालं की परत जागेवर बसतो. खरा घाम काढला तो धाकटीच्या 1978 सालच्या अल्बमनं. चिकट पानांवर प्लॅस्टिकचं आवरण ओढलेले हे अल्बम तेव्हा मोठ्या हौसेनं घेतले जात. त्यांतला गोंद कालांतरानं पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. भाचीनं दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा फिरवत एकेक फोटो सोडवला. एक काही केल्या सुटेना, तेव्हा त्याचा पानासकटच फोटो काढला. ओढाताण केली असती तर कागदाचा वरचा थर गोंदालाच चिकटून राहिला असता.

शिवाय ते रंगीत फोटो आता तांबूस झालेत. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग बंद अल्बममध्येही सगळ्यांत आधी उडतो, लाल तेवढा मागे राहतो. ‘माझा शालू हिरवागार होता गं!’ धाकटी पुन्हापुन्हा सांगते. फोटोत तो चिखलासारखा दिसतो. थोरलीच्या कृष्णधवल फोटोंवर कडेनं रुपेरी झाक चढली आहे, पण चेहरे अजून लख्ख आहेत. याचा तिला झालेला आनंद काही लपत नाही.

भाची फोटोची पुढची बाजू स्कॅन करते, तशीच मागचीही. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, कधी कुणाचं अर्धवट नाव. ग्रुप फोटोवर ती ट्रेसिंग पेपर ठेवते, प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून आत आकडा घालते आणि नावं वहीत आकड्यांपुढे लिहिते. ‘डावीकडून तिसरा’ या पद्धतीत मागच्या रांगेतली, दोन खांद्यांमधून डोकावणारी मंडळी हमखास निसटतात. फोन बाजूला रेकॉर्डिंगला लावलेला असतो. मात्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायची घाई ती करत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. तिथे ‘किती गोड!’ आणि हात जोडलेली चिन्हं येतात, माहिती क्वचितच.

माहिती निघते ती वस्तूंबद्दल विचारलं की. ‘हा कोण?’ याला उत्तर म्हणून एक नाव मिळतं आणि विषय संपतो. ‘मावशी, हा चपलाहार कुठे गेला?’ असं विचारल्यावर मात्र थोरली हसते. हार काकूचा होता. वरात निघायच्या आत परतही गेला. जानेवारी 1963मध्ये सोनं नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती उठली 1966मध्ये. अधल्यामधल्या नवऱ्यांच्या अंगावरचं बावनकशी सोनं बघितलं, की ते जुनं आहे की उसनं, हे विचारून घ्यावं.

लग्नाची तारीख कुणालाच आठवत नव्हती. पत्रिका सापडली, तिच्यावर शके 1886, वैशाख वद्य. शकात 78 मिळवले की 1964. वैशाख वद्य म्हणजे त्या वर्षी मेअखेर नि जूनची सुरुवात. एवढ्यावर धाकटी एकदम म्हणाली, ‘म्हणूनच बँड नव्हता! नेहरू गेले होते ना.’ 27 मे 1964. देशभर दुखवटा होता. वरातीच्या फोटोत वाजंत्री का नाहीत, याचं कारण घरात आजवर वेगळंच सांगितलं जाई: मुलाकडचे कंजूष. साठ वर्षं व्याह्यांच्या माथी बसलेला आरोप त्या दुपारी मागे घेतला गेला. ऐकायला व्याही मात्र कोणी उरले नव्हते.

24 फोटोंत नवरीची आई फक्त दोनदा दिसते. अंतरपाट दूर झाल्याचा, माळा घालतानाचा फोटो चांगला आहे. त्यात मामा आहे, करवली आहे, आई नाही. लग्न लागताना आईनं बघायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं, हा रिवाज त्या घरात होता. आजी तर एकाही फोटोत नाही. ती विधवा, म्हणून बोहल्याजवळ जायची नाही. दोन्ही नातींना वाढवलं तिनं, आणि लग्नाच्या दिवशी ती कोठीघरात लाडवांचा हिशेब ठेवत बसली होती. थोरली हे अगदी सहज सांगते. धाकटी तिला मधेच तोडते: ‘सहज काय? तू रडली होतीस त्यावरून.’ थोरलीला ते आठवत नाही, किंवा मान्य नाही. भाचीनं वहीत दोन्ही लिहिलं.

मग तिनं वहीच्या मागच्या बाजूनं दुसरी यादी सुरू केली: लग्नात असलेले, पण फोटोत नसलेले. आजी, मुख्य आचारी, पंगतीत वाढणारी शेजारची मुलं, अर्थातच फोटोग्राफर. यादीची बातमी फोनवरून इंदूरला पोचली आणि तिथल्या आतेबहिणीनं आपलंही नाव घालायला लावलं. ती तेव्हा तीन वर्षांची होती आणि ग्रुप फोटोच्या वेळी सतरंजीवर झोपली होती. तिला उठवायचं कुणाला सुचलं नाही, हेही लिहा, असं तिनं बजावलं.