समुद्रसिंहांचे रोग आणि शेतकरी

दर्यांतील जनावरांच्या रोगांशीं शेतकऱ्याचा काय संबंध, असें आमचे वाचक विचारतील. तो संबंध निकटचा आहे, हें दाखविण्याकरितांच आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

समुद्रसिंह हा मासे खाऊन राहणारा व खडकांवर कळपानें विसावणारा सस्तन प्राणी होय. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर त्यांच्यांत लेप्टोस्पायरोसिसची सांथ १९७० पासून वारंवार आढळत आली आहे. या रोगाचे जंतु मूत्रपिंडांत ठाण मांडतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. एरव्हीं पाण्यास सहसा तोंड न लावणारा हा प्राणी मग तहानेनें व्याकुळ होतो. त्यास ग्रासणारी पोमोना नांवाची जात गुरांत व डुकरांतही आढळते, व तेथें ती गर्भपातास कारण होते. कोंकणांत भातलावणीच्या चिखलांतून माणसांस जडणारा रोगही याच कुळांतला.

दुसरें संकट विषाचें. समुद्रांतील कांहीं सूक्ष्म वनस्पति डोमोइक आम्ल निर्माण करितात. तें लहान माशांच्या पोटांतून समुद्रसिंहांस पोंचतें व मेंदूस इजा होऊन झटके येतात. १९९८ सालीं माँटेरे उपसागराच्या परिसरांत असे ४०० हून अधिक प्राणी मेले.

तिसरें बर्ड फ्लूचें. २०२३ च्या प्रारंभीं पेरू देशाच्या किनाऱ्यावर ३,००० हून अधिक समुद्रसिंह त्यास बळी पडले. याच एच५एन१ प्रकारानें २००६ सालीं नवापूरच्या कोंबड्यांवर घाला घातला होता.

चौथें आमच्याच फवारणीच्या जातीचें. लॉस एंजेलिसजवळील एका डीडीटी कारखान्याचा कचरा अनेक वर्षें समुद्रांत गेला. अमेरिकेनें १९७२ सालीं शेतीस त्या औषधाची बंदी केली; तरीही तें समुद्रसिंहांच्या चरबींत अद्याप सांपडतें. एका विषाणूच्या जोडीनें अशीं द्रव्यें त्यांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगास हातभार लावितात, असें संशोधकांस आढळलें आहे.

यावरून आम्ही इतकेंच सुचवितों: गाभ टाकलेलें जनावर वेगळें बांधून पशुवैद्यास दाखवावें, पायास जखम असतां उघड्या पायांनीं चिखलांत उतरूं नये, मेलेली कोंबडी ओढ्यांत टाकूं नये, औषधाचे डबे विहिरीवर धुवूं नयेत. बांधावरून वाहून गेलेलें पाणी अखेरीस समुद्रास मिळतें, आणि त्यांतील विष कोणाच्या अंगीं भरेल, हें वाहून जातांना दिसत नाहीं.