रात्रीचा राखणदार : मनाच्या आजारात सहायक श्वान

आमच्या हिंगोली जिल्ह्यात कुत्र्याची एक गोष्ट लहानपणीच कानावर पडते. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा ती कोरडी खाऊ नको म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ती ही गोष्ट. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबतही कुत्रा असतो. तरीही आपल्याकडे कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर. आमच्या घरी तो उंबरा ओलांडून माझ्या धाकट्या भावाच्या बाजेशी कसा आला आणि त्यामागचे शास्त्र काय, ते या लेखात मांडतो. मी डॉक्टर नाही, पशुवैद्यही नाही. बी-बियाण्यांचे दुकान सांभाळून या भागातल्या गावठी जनावरांच्या नोंदी ठेवणारा माणूस आहे.

भाऊ ट्रक चालवायचा. सात वर्षांपूर्वी अपघात झाला. शेजारी बसलेला क्लीनर त्याच्या डोळ्यांदेखत गेला. भावाची हाडे तीन महिन्यांत जुळली, झोप मात्र जुळली नाही. नांदेडच्या मनोविकारतज्ज्ञांनी निदान केले : आघातानंतरचा तणावविकार, म्हणजे पीटीएसडी. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झाले. दिवस सावरले, रात्री सावरेनात. तो ओरडत उठायचा आणि मी त्याला हलवून जागे करायचो. एकदा झोपेतच त्याचा फटका बसून माझा चष्मा फुटला. सकाळी त्याला काही आठवत नव्हते. फुटलेली काच पाहून तो दिवसभर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘‘दादा, तू माझ्याजवळ झोपू नको.’’ कुत्र्याचा विचार तिथून सुरू झाला.

तीन प्रकारचे कुत्रे

या विषयात तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. पहिला प्रकार सोबतीचा कुत्रा. त्याच्या असण्याने बरे वाटते, पण त्याला काही विशेष शिकवलेले नसते. दुसरा उपचारश्वान. तो समुपदेशकाबरोबर शाळेत किंवा रुग्णालयात जातो आणि अनेकांना भेटतो. महाराष्ट्रात हे काम मानसोपचारतज्ज्ञ मीनल कविश्वर यांच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने रुजवले. तिसरा सहायक श्वान. तो एकाच माणसाचा असतो आणि त्या माणसाच्या आजाराशी थेट जोडलेली ठरावीक कामे शिकलेला असतो. अंधांना वाट दाखवणारा कुत्रा याच जातकुळीतला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ साली अशा कुत्र्यांची शाळा निघाली. मनाच्या आजारासाठी तेच तत्त्व वापरायला बराच काळ गेला. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६२ साली कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हणणारा निबंध लिहिला. त्याचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असला की न बोलणारे मूल बोलू लागते, हे त्याच्या लक्षात आले होते.

अमेरिकेने २०१० साली सुधारलेल्या नियमांत हा भेद कायद्याने पक्का केला. केवळ सोबतीने धीर येतो, एवढ्यावर कुत्रा सहायक श्वान ठरत नाही. त्याला काम येत असले पाहिजे. हे शिक्षण एखाद्या संस्थेतच झाले पाहिजे अशी अट तिथे नाही, मालक स्वतः शिकवू शकतो. हे वाचले तेव्हा मला वाटले, मग आपल्या आखाड्यावर का जमू नये?

कुत्र्याला कळते कसे?

कुत्र्याला माणसाचे मन वाचता येत नाही, त्याला शरीर वाचता येते. भीतीने श्वास बदलतो, घाम बदलतो, हातपाय हलू लागतात. बेलफास्टच्या संशोधकांनी २०२२ साली ३६ माणसांना अवघड गणिते घालून ताण दिला. गणिताआधीचा आणि नंतरचा श्वास व घाम यांचे नमुने त्यांनी चार कुत्र्यांपुढे ठेवले. कुत्र्यांनी जवळजवळ ९४ टक्के वेळा ताणाचा नमुना बरोबर ओळखला. म्हणजे ताणाला वास असतो. मात्र वास येणे वेगळे आणि वास आल्यावर काय करायचे ते कळणे वेगळे. या दोहोंमधले अंतर शिकवणीने भरावे लागते.

जातीचा प्रश्न मी अनुभवाने शिकलो. आधी शहरातून लॅब्रॅडॉर आणला. जात गुणी आहे, पण आमचा उन्हाळा त्याला सोसेना. दुपारभर धापा टाकायचा आणि रात्री गाढ झोपायचा. तो ओळखीच्या घरी दिला. नंतर गावातल्याच कुत्रीच्या पिलांमधून एक निवडले. निवडताना एवढेच पाहिले, की जवळ थाळी वाजवल्यावर पिलू दचकते, पण थोड्या वेळाने स्वतःहून परत येते का. एक आले. त्याचे नाव खंड्या ठेवले. रेबीजसह सगळ्या लसी पशुवैद्यांकडून वेळेवर टोचून घेतल्या. माणसाजवळ झोपणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही पहिली पायरी आहे, ती टाळून पुढे जाऊ नये.

शिकवणीत काठी नव्हती. उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणि ‘शाब्बास’ एवढेच भांडवल. सुरुवातीला खंड्याला नाकाने तळहात शिवायला शिकवले. शिवला की तुकडा. मग भाऊ बाजेवर पडून मुद्दाम कण्हायचा आणि हात खाली सोडायचा. खंड्याने नाक लावले की बक्षीस. हळूहळू हात खाली सोडणे बंद केले, फक्त कण्हणे ठेवले. शेवटी दिवा मालवून तेच केले. दुसरे काम, इशारा मिळताच भावाच्या मांडीवर पुढचे पाय आणि छाती टाकून पडून राहायचे. अंगावर स्थिर भार आला की घाबरलेल्या माणसाला आपण कुठे आहोत याचे भान यायला मदत होते. तिसरे काम, भाऊ रात्री बाजेवरून उठून बाहेर गेला तर माझ्या दाराशी येऊन भुंकायचे.

पहिल्या कामाला पाच महिने लागले, तिन्ही मिळून दीड वर्ष. मी वहीत नोंद ठेवत होतो. सुरुवातीला दहा वेळांपैकी तीन-चार वेळाच खंड्या उठायचा. पुढे आठ वेळा उठू लागला. दहाही वेळा तो कधीच उठला नाही, आजही उठत नाही. एकदा भाऊ पहाटे विहिरीच्या कठड्यावर बसलेला मला सापडला. खंड्या बाजेखाली झोपून होता. भाऊ म्हणाला, वाऱ्याला आलो होतो. मी पुढे काही विचारले नाही, पण त्याच दिवशी नांदेडला डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या बदलल्या आणि महिनाभर मी पुन्हा त्याच्या खोलीत झोपलो. कुत्र्यावर सगळा भार टाकणे ही माझी चूक होती.

संशोधनाचेही सांगणे असेच आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासांत सहायक श्वान मिळाल्यावर पीटीएसडीची लक्षणे कमी झालेली दिसतात, आजार नाहीसा झालेला दिसत नाही. तिथल्या माजी सैनिक खात्याने सहायक श्वान आणि साधा सोबतीचा कुत्रा यांची तुलना केली. लक्षणांत थोडा फरक आढळला, रोजच्या एकूण जगण्यात मोठा फरक आढळला नाही. म्हणून कुत्र्याला औषधाची जागा देऊ नये, औषधाच्या शेजारची जागा द्यावी.

दाराशी अडलेला कायदा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि त्यात मानसिक आजारही आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचार हा हक्क मानतो. पण मनाच्या आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्याला घेऊन कुठे जाता येईल, याचा उल्लेख या दोन्ही कायद्यांत नाही. एका दवाखान्याच्या दारात भावाला सांगितले, ‘‘कुत्रं बाहेर बांधा.’’ शिपायाचा दोष नव्हता, त्याच्याजवळ नियमच नव्हता. रेल्वेत प्रवाशाला आपल्यासोबत कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत. आमच्यासारख्याला कूपे परवडत नाही, आणि पेटीतला कुत्रा भावाच्या काय कामाचा? त्यामुळे खंड्याचे काम घर, आखाडा आणि गावाची वेस एवढ्यातच चालते.

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. आमच्याकडे जी रात्र निभावायची ती घरच्यांनीच निभावायची असते. म्हणून हा विषय मला श्रीमंतांच्या हौसेचा वाटत नाही.

ज्यांच्या घरी असे दुखणे आहे, त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. कुत्र्याचा विचार त्यानंतर. तोही घरातल्या एकाने तरी दहा-बारा वर्षे त्याचे खाणे, फिरणे, लसी आणि म्हातारपण सांभाळायची तयारी ठेवली असेल तरच.

सहायक असला तरी तो जीव आहे, त्यालाही भीती वाटते. गेल्या लक्ष्मीपूजनाला गावात सुतळी बॉम्ब फुटू लागले, तेव्हा शिकवलेले सगळे विसरून खंड्या बाजेखाली शिरला. अपघातानंतर भावालाही तो आवाज सोसत नाही. मी आत गेलो तेव्हा भाऊ जमिनीवर बसला होता आणि त्याचा हात थरथरणाऱ्या खंड्याच्या पाठीवर होता. त्या रात्री त्याने स्वतःहून मला सांगितले, ‘‘दादा, तू जा झोपायला. मी आहे याच्याजवळ.’’ वहीत या नोंदीसाठी रकाना नव्हता. तारीख टाकून ती खाली लिहून ठेवली आहे.