चोवीसवर ठेवा!

सिन्नर तालुका पर्जन्यछायेतला. एप्रिल-मेची हवा कोरडी, म्हणून इथे कूलरचं फावतं: वाळ्याच्या ताटीवरून पाणी झिरपतं, वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. पण टंचाईच्या तालुक्यात कूलरची टाकी भरायला पाणी कुठून आणायचं? मग घरात एसी येतो.

आला, की रिमोटवर सोळा! खोली त्यानं लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर मात्र जास्त वेळ राबतो.

जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं मूळ (डीफॉल्ट) तापमान २४ अंश ठेवणं कंपन्यांना सक्तीचं झालं. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. महावितरणच्या बिलात तीनशे युनिटांपुढे दर चढतो, तेव्हा हे सहा टक्के खिशाला कळतात. जून २०२५ मध्ये केंद्राने एसीसाठी २० ते २८ अंशांची मर्यादा सुचवली. ती योग्यच आहे. चोवीसवर पंखा सावकाश फिरू द्यावा, पातळ चादर पुरते.