यंत्राला रस्ता कसा कळतो?

चालकाविना धावणाऱ्या मोटारीची गोष्ट निघाली की "ती आमच्या होटगी रस्त्यावर चालवून दाखवा!" असे कोणीतरी म्हणतोच. या थट्टेत एक शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे.

आपल्या सोलापूरकरांना यंत्र नवे नाही. ताण्याचा धागा तुटला की यंत्रमाग थांबतो; हे त्याला नेमून दिलेले आहे. परंतु रस्त्याचे असे नियम लिहू गेल्यास ते कधी संपावयाचे नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी यंत्राला उदाहरणांनी शिकविण्याची वाट धरली. रस्त्याच्या छायाचित्रांवर माणसे आधी खुणा करतात: ही मोटार, हा माणूस, ही भिंत. मग यंत्र अंदाज करते व चुकते. चूक किती झाली ते मोजून त्याच्या आतील असंख्य अंक किंचित बदलले जातात, आणि पुन्हा अंदाज. असे लक्षावधी वेळा. लहान मुलाला दोन गाई दाखविल्या की तिसरी ते आपण होऊन ओळखते. यंत्राची बुद्धी तितकी चपळ नाही.

तेव्हा त्याला दाखविले काय, याला फार महत्त्व येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक नामांकित चित्रसंग्रह पन्नास शहरांतील होता; त्यांपैकी बहुतेक जर्मनीतील. तेथे रिक्षा कोठून येणार? ही उणीव ओळखून हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांची १०,००० छायाचित्रे खुणा करून प्रसिद्ध केली. त्यांत वस्तूंचे ३४ वर्ग पाडले. रिक्षा आणि जनावरे यांना स्वतंत्र वर्ग मिळाला, आणि डांबराच्या कडेला असलेल्या, प्रसंगी गाडी उतरविता येईल अशा मातीच्या पट्टीलाही!

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतील टेंपी गावी चाचणीच्या मोटारीखाली एक महिला ठार झाली. रात्री ती सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होती. यंत्राला ती सुमारे साडेपाच सेकंद आधी जाणवली होती. परंतु हे वाहन, ही अन्य वस्तू, ही सायकल, असे त्याचे मत पालटत राहिले. पादचारी पट्टा सोडूनही माणूस रस्ता ओलांडतो, हे त्या रचनेत धरलेच नव्हते. आपल्याकडे पट्ट्यावरूनच ओलांडणारे किती, हे श्रोत्यांना मी सांगावयास नको.

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. चालक काढून टाकण्याची घाई आपल्याला नाही. चालकाला वेळीच सावध करणारा सोबती मिळाला तरी पुष्कळ, असे माझे मत आहे. नागपुरात २०२१ साली 'आय-रास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला, तो याच जातीचा. बसगाडीवरील यंत्र टक्कर संभवताच चालकाला इशारा देते. चाक चालकाच्याच हाती राहते. शिवाय धोका पुनःपुन्हा कोठे उद्भवतो याची नोंद होते, म्हणजे अपघात घडण्यापूर्वीच ती जागा हेरता येते.

सोलापुरात अशी नोंद करावयाची झाल्यास मी गाळपाच्या हंगामापासून प्रारंभ करीन. मागे दिवा नसलेला, दोन ट्रॉल्या भरून ऊस नेणारा ट्रॅक्टर यंत्राला आधी दाखवीन, आणि तोही रात्रीचा.